सिस्टर रेजिनाची दोन घड्याळं

सिस्टर रेजिना डाव्या मनगटावर दोन घड्याळं बांधायच्या. एक बारीक, सोनेरी. दुसरं पुरुषी, काळ्या पट्ट्याचं. सोनेरीत दहा वाजलेले असले की काळ्यात चार. बहारीनमधल्या आम्हा मराठी मंडळींत यावर बरीच खलबतं झाली. भारताची वेळ म्हणावी, तर ती फक्त अडीच तासांनी पुढे. कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "एक ड्यूटीसाठी, एक शहाणपणासाठी."

त्या मूळच्या वसईच्या. सिस्टर म्हणजे जोगीण नव्हे, हॉस्पिटलातल्या नर्स. सत्तरचं दशक संपता संपता मी तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये फ्रीज आणि एसीचं काम बघत होतो, तिथे त्या एक पत्र्याची पेटी घेऊन टॅक्सीतून उतरल्या. माझ्या खिशावरचं नाव वाचलं आणि ओळखदेख नसताना थेट एकेरीवर आल्या.

"हे बघ जोशी, ह्या पेटीत सकाळी बर्फ टाकला की दहापर्यंत खलास. मला अजून सहा तास पाहिजेत."

"सहाच का?"

"सहाच. जमतंय का बोल, नाहीतर यल्ला, मी दुसरीकडे जाते."

मला जन्मजात नाक खुपसायची सवय. पेटी ठेवून घेतली ती निम्मी त्या 'सहाच'पायी.

हळूहळू थोडं कळत गेलं. दर दोन वर्षांनी मिळणाऱ्या दोन महिन्यांच्या लीव्हमध्ये आम्ही सगळे बॅगा फुटेस्तोवर भरून घरी जायचो. सिस्टर टांझानियातल्या एका खेड्यात जायच्या. चर्चच्या ओळखीने तिथला दवाखाना त्यांना ठाऊक झाला होता. आंब्याच्या फांदीला काटा टांगून त्या पोरांची वजनं करायच्या, पाणी उकळून प्या म्हणून घरोघर सांगत फिरायच्या. बायकांबरोबर विहिरीवरही जायच्या. "डोक्यावर बादली घेऊन चार पावलं चालले की अर्धी माझ्या अंगावर. बायका हसून हसून खाली बसायच्या. वसईला माझ्यावाचून काय अडलंय रे? आमच्या आळीत घरटी एक नर्स आहे."

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलीही वेळ ठरवली की विचारायच्या, "कुणाच्या घड्याळाने?" ईसा टाउनला आमच्या घरी पाच वाजता चहाला बोलावलं, तेव्हा माझ्या बायकोलाही त्यांनी हेच विचारलं. आम्ही पुण्याचे, हा टोमणाच आहे, अशी तिची खात्री पटली. दोन दिवस ती धुमसत होती. सिस्टर मात्र पाचच्या ठोक्याला दारात हजर.

पेटीला मी शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो फोम आतून बसवला, झाकणाला दुहेरी रबर लावलं. ऑगस्टातल्या एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आम्ही ती बर्फ भरून वर्कशॉपच्या अंगणात उन्हात ठेवली आणि पत्र्याच्या सावलीत बसून राहिलो. दहा वाजले. झाकण उघडलं, बर्फ तसाच होता. सिस्टरांनी काळं घड्याळ बघितलं आणि आपणहून बोलायला लागल्या.

"मागच्या खेपेला शहरातून गोवराची लस आणली होती. बायकांना निरोप दिला, 'सिता' वाजता या. अरबीत सहाला सित्ता, त्यांच्याकडे सिता. मला वाटलं, आपल्याला भाषा येते! पहाटेची थंड वेळ, लस टिकेल. सहापासून आंब्याखाली बसले. एक बाई नाही. दहाला बर्फाचं पाणी झालं, लस फेकून द्यायची पाळी. मी तणतणले, ह्यांना पोरांची किंमत नाही म्हणाले, आणि निघून गेले."

"मग?"

"आल्या ना. दुपारी बाराला. सगळ्या, पोरांना धुतलेले कपडे घालून. त्यांचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, जोशी. आपल्या सातला त्यांचा एक. त्यांचे सहा म्हणजे आपले बारा. त्या वेळेवर आल्या होत्या आणि मी मफी, जागेवरच नाही."

पुढची लस यायला महिना गेला. त्याआधी गोवर आला. झैनबू नावाच्या बाईचं पोर त्यात गेलं.

"मी निघायच्या दिवशी ती भेटायला आली. मला म्हणाली, 'पोले.' म्हणजे तुला त्रास झाला, वाईट वाटतं. तिचं पोर गेलं आणि पोले मला! वर म्हणते, मीच उशिरा पोचले ना, सिस्टर? मी तिला खरं सांगितलं नाही. तशीच विमानात बसले. आता जाऊन तिला सांगायचंय, उशीर तुझा नव्हता."

माझं नाक खुपसणं त्या दिवशी मला नकोसं झालं. मी उगाच झाकणाचं रबर दाबत बसलो. चार वाजता पेटी पुन्हा उघडली, तेव्हा तळाशी मुठीएवढा बर्फ शिल्लक होता. सिस्टरांनी तो हातात घेतला आणि वितळेपर्यंत धरून ठेवला.

त्या वर्षी त्या नोकरी सोडूनच गेल्या. विमानतळावर सोनेरी घड्याळ काढून माझ्या बायकोच्या हातावर ठेवलं. "ड्यूटी संपली. आता एकच पुरे," म्हणाल्या. मी पेटी त्यांच्या हातात दिली. डोळे भरून आले होते, ते लपवायला मी झाकण कसं लावायचं हे पुन्हा पुन्हा समजावत राहिलो.

पाच महिन्यांनी पत्र आलं. बायकोने मोठ्याने वाचलं.

"जोशी, झैनबूला सांगितलं. आता भाषा थोडी बरी येते. तिने ऐकून घेतलं. पोले म्हणाली नाही. उठून गेली. आठ दिवस माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवायची. ते मला मिळायलाच हवं होतं. काल लस होती. तुझी पेटी टिकली. रांगेत पहिली झैनबू होती, धाकटीला कडेवर घेऊन. आमच्या सहा वाजता."

बायकोने मनगटावरच्या सोनेरी घड्याळाकडे बघितलं. "सहाला? एवढ्या पहाटे?"

"नाही गं," मी म्हटलं, "भर दुपारी."