मरोळच्या गाळ्यातला विमानाचा कणा

"रविवारी मरोळला ये, विमान दाखवते," असं तेजल म्हणाली तेव्हा मी आधी हसले. बोरिवलीचे लोक सुट्टीत माथेरानला जातात, मी निघाले औद्योगिक वसाहतीत!

नॅशनल पार्कहून मेट्रो, गुंदवलीला बदलून मरोळ नाका, पुढे रिक्षा. शंभरेक रुपयांत काम होतं. जायचं तर रविवारीच जा, एरवी टेम्पोंतून वाट काढताना जीव जातो.

गाळ्यात रंधलेल्या लाकडाचा वास होता. पंख नाहीत, चाकं नाहीत, फक्त एक लांबलचक तुळई आडवी ठेवलेली. मी जरा हिरमुसलेच. "हा पंखाचा कणा," तेजल म्हणाली. ती इंजिनियर, माझी शाळेपासूनची मैत्रीण. कसरतीचं हे विमान तिनेच आखलंय आणि उडवणारही तीच. पंखाचा फुगवटा वरखाली सारखाच, कारण उलटं उडतानाही त्याने तितकंच पेलायला हवं. गिरकी घेताना विमानाच्या वजनाच्या कितीतरी पट भार या कण्यावर येणार. चार महिने खपून तिने तो नंदूकाकांबरोबर जोडला होता. काका मालवणचे, जन्मभर फर्निचर केलेले.

काकांनी डब्यातली भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे केली. चटणी झकास होती. मग परीक्षा. कण्याचा सांधा चिकटवताना त्याच फळीचे दोन तुकडेही जोडून ठेवायचे आणि नंतर ते मोडून बघायचे. लाकूड तुटलं तर पास, सांधा सुटला तर नापास.

काकांनी हातोडा घातला. सांधा अलगद सुटला.

"नमुन्याचे तुकडे दाबून धरणारा शिकंजा सैल राहिला असेल," तेजल घाईने म्हणाली. "कण्याला काही नाही झालं, काका."

मलाही ते पटलं. काका मात्र हातातला तुकडा उजेडात धरून उभे होते.

"नाय गो. दसऱ्याक मीच फळीक हळदकुंकू लावलंय. तेलाचो हात होतो. पुसलंय, पण नीट नाय. तेलार गोंद धरना नाय."

"अहो, पण कणा चांगला दिसतोय ना," मी म्हटलं.

"दिसता बरोच. पण ह्या चेडवाक त्येच्यार उलटा लटकूचा आसा."

तेजल रडली. मग तिनेच करवत आणली आणि कण्याचे दोन तुकडे झाले. मला बघवत नव्हतं. अर्ध्या तासात मात्र दोघं नवी फळी निवडत होती.

"पुढच्या दसऱ्याला फक्त हत्यारांची पूजा, काका. लाकडाला लांबूनच नमस्कार."

"आणि हात साबणान धुवन," काका म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

घरी येऊन हे लिहितेय. पंख कधी पुरा होईल, परवानग्या कधी मिळतील, कुणालाच ठाऊक नाही, पण हे विमान उडणार असं मला मनापासून वाटतंय. काका गप्प बसले असते तरी चाललं असतं, आम्हा दोघींना तर पटलंच होतं. आकाशपाळण्यात मी डोळे गच्च मिटून बसते. तेजलच्या विमानात सीट एकच आहे. तरी मघाशी तिला मेसेज टाकला, दुसरी बसवता आली तर बघ.