क्वार्टरमधला पेरू
पिकल्या पेरूचा वास आला की मला सेक्टर दोनच्या क्वार्टरमधली आमची शेवटची सकाळ आठवते. बाबा प्लांटमधून रिटायर झाले होते, सामान टेम्पोत चढत होतं, आणि मी पायरीवर लॅपटॉप घेऊन अडकून बसले होते: ब्लॉग फुकटच्या साइटवर काढावा की स्वतःची साइट घ्यावी? "काऊन थांबली व?" बाबांनी विचारलं. "फुकटची उद्या बंद झाली तं सगळं लिहिलेलं जाईल," मी म्हटलं. अंगणातल्या पेरूला पाणी घालत ते म्हणाले, "क्वार्टर तरी कुठं आपलं होतं? झाड लावलंच ना आपन. तू लिही ना बेटा." मी फुकटचीच घेतली. ती केव्हाच बंद पडली, बाबाही गेले. परवा मी त्या क्वार्टरवरून गेले, तर अनोळखी पोरं आमच्या झाडावर चढून पेरू खात होती. घरी येऊन मी पुन्हा एक फुकटचीच साइट उघडली.