बोथट पात्यांचा मामा

करवतीचं दात गेलेलं पातं तो कधी टाकून देत नसे. दगडाच्या फटीत खुपसायचा, हातोड्याचा एक घाव घालून दोन तुकडे करायचा आणि म्हणायचा, "मेलं. आता ह्याला कोन उठवायचं न्हाई."

उठवणारा होताच. ठेकेदाराचा माणूस ढिगातली न मोडलेली बोथट पाती उचलून पुन्हा मजुरांच्या हाती द्यायचा. बोथट पातं कापत नाही, नुसतं हादरवतं. तो हादरा जातो कुठे? माणसाच्या बोटांत. हे पाहून तुम्हांला संताप येत नसेल, तर पुढचं वाचू नका.

सांगलीत हळदीचं एक जुनं गोदाम पाडत होते. शेजारच्या गोदामात माल भरलेला, म्हणून ठिणगी उडवायची नव्हती. छपराला तोलणाऱ्या लोखंडी कैच्या, म्हणजे तिकोनी सांगाडे, गॅसऐवजी मशीनच्या करवतीने, जाड पातं लावून कापायच्या होत्या. करवत चालली की कैच्यांवरची वर्षानुवर्षांची हळद खाली झरायची आणि परांचीवरचा हा उंब्रजचा माणूस पिवळा व्हायचा. सगळे त्याला मामा म्हणत.

मी तिथे कामगार संघटनेची पत्रकं वाटायला गेलो होतो. मामांनी माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. असं करणारे ते पहिलेच.

"लय वरडलायस रं पुढारी. पन पातं कवा बदलायचं, ते कुटं लिवलंय?"

लिहिलं नव्हतं. मी जुलूम, शोषण, धिक्कार लिहिलं होतं.

कापण्याआधी मामा लोखंडावर तळवा ठेवायचे. "बाबा, वझं हाय का तुज्यावर?" ओझं असलं, की काप मिटत जातो आणि पातं आवळतो. ते मुठीला आधी कळतं. कळलं की मामा मशीन बंद करून कैचीला बांधलेला दोर आवळायला सांगायचे. त्यांच्या हाताखाली कुणाला कधी खरचटलंही नव्हतं.

एका थंडीच्या सकाळी मी खाली उभा होतो. मामा शेवटची कैची कापत होते आणि खाली त्यांच्या हाताखालचा दत्तू दोर धरून होता. एकाएकी दत्तू ओरडला, "आवं मामा, थांबा! आवाज बदललाय!"

मशीन थांबलं. पण कैची वीतभर घसरलीच आणि दत्तूच्या डोक्यावर दोराला लोंबत राहिली.

मामा खाली आले. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती. मी चहाचा ग्लास दिला, तो त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला.

"पातं आवळत हुतं. हाताला कळलंच न्हाई रं."

"कधीपासून?"

"दोन हिवाळं झालं."

मी पेटलो. म्हणालो, "बोथट पात्यांनी तुमचे हात खाल्ले! उद्याच मोर्चा काढतो!"

"काड की. मी न्हाई म्हनतोय व्हय? पन मशीन मी आता धरायचो न्हाई."

ठेकेदार म्हणाला, "मामा, एवढी एकच राहिलीय. काय झालं न्हाई न्हवं?"

"दत्तूचे कान शाबूत हायेत म्हनून झालं न्हाई," मामा म्हणाले. मशीनमधलं पातं काढून त्यांनी दगडाच्या फटीत घातलं. त्याचे दात अजून बरे होते, तरी मोडलं.

मोर्चा निघाला. वीस माणसं आली. पाती वेळेवर मिळू लागली, असं लिहायला मला आवडलं असतं.

नवं पत्रक घेऊन मी उंब्रजला गेलो. कागद मामांच्या बोटांतून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मी उचलला आणि सहज वाटावं अशा आवाजात वाचू लागलो. "दात गेलेलं पातं मोडा. बोटं सुन्न पडत असतील, तर लपवू नका."

"पयल्याच वळीत घातलंस?"

"पयल्याच."

"वरडनं कुटं गेलं?"

"मागच्या पानावर."

मामा पोट धरून हसले. निघताना फाटकापर्यंत आले आणि माझ्या खांद्यावर तळवा ठेवला. लोखंडावर ठेवायचे तसाच, जरा दाबून, वाट बघत.

हाताला काही कळलं की नाही, कोण जाणे. मी मात्र तळवा उचलेपर्यंत हललो नाही.