मडक्यातला मुद्देमाल

नागभीडच्या न्यायालयाबाहेर बसून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले. आता दृष्टी मंदावली, बैठक मोडली. संताप मात्र शाबूत आहे. फरक इतकाच, की हल्ली पक्षकार मी स्वतः निवडतो. त्या पावसाळ्यात माझे पक्षकार बेडूक होते.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत जवळच्या एका महाविद्यालयाने पाणी भरलेल्या धानाच्या बांध्यांतून मोठे पिवळे बेडूक पकडून आणवले. विच्छेदनासाठी. वर्गात बेडूक चिरणे थांबवावे असे निर्देश केव्हाच निघालेले आहेत. शिवाय या बेडकाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. दोन्ही गोष्टी मी तिथल्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना लेखी कळवल्या. भेट झाली तेव्हा ते हसले.

"भाऊ, आमच्या सरांनी कापले, आम्ही कापले. नुसती चित्रं पाहून पोरं डॉक्टर होतात काय?"

"मग कायदाही टेबलावर घ्या आणि कापा," मी म्हणालो आणि घरी जाऊन वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे तक्रार लिहिली.

तक्रारीची दखल घेतली गेली. एक तरुण वनरक्षक महाविद्यालयात गेला, त्याने रीतसर पंचनामा केला आणि बेडूक असलेले मडके जप्त केले. मी समाधानाने जेवलो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो, तर पत्र्याच्या पडवीत ते मडके दिसले. तोंडावर जाड कापड, त्यावर सुतळी, गाठीवर लाखेचे सील. पावसाने उघाड दिली होती. पत्रा तापला होता.

"हे काय केलेत?"

"सील केलं ना भाऊ. चोरीच्या सागावर हातोड्यानं छाप मारतो. यायच्यावर कुठी मारू?"

"अहो, आत जीव आहेत!"

"हाओ. 'जिवंत मुद्देमाल' असंच लिवलं मी."

"आणि संध्याकाळपर्यंत मेले तर काय लिहाल?"

त्याचा चेहरा उतरला. "सील तोडलं तं माह्यावरच केस होते. कोर्टाचा हुकूम पायजे."

ज्या कायद्याच्या आधाराने मी त्यांना सुरीखालून काढले, त्याच कायद्याने त्यांचा श्वास कोंडला होता. आवाज चढवून उपयोग नव्हता. कापडाकडे पाहिले; जाड असले तरी वीण सैल होती.

"सील तोडा असे कोण म्हणतो? वरून पाणी ओता. मुद्देमाल भिजवू नये, असे कोणत्या कलमात लिहिले आहे?"

त्याने विचार केला, बादली आणली. पाणी कापडातून झिरपले. मडके सावलीत, भिंतीच्या गारव्याला ठेवले. क्षणभराने आतून एक खर्जातला आवाज आला.

"बयान देऊन राह्यला," वनरक्षक म्हणाला. तोवर मी पडवीतच अर्ज लिहायला बसलो होतो.

जिवंत पुरावा जपायचा असेल, तर प्रथम तो जिवंत राहिला पाहिजे, एवढेच मी त्यात लिहिले होते. वनरक्षकाने तो साहेबांच्या सहीने न्यायालयात नेला. दुपारनंतर आदेश झाला: पंचांसमक्ष मूळ अधिवासात सोडावे.

आम्ही बांधीवर पोचलो. पंच म्हणून प्राध्यापकांनाच बोलावले होते. ते बूट हातात घेऊन धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या वरंब्यावर उभे राहिले. रोवणा करणारी, त्या बांधीची मालकीण असलेली बाई कंबर सरळ करून ओरडली, "मिरवणूक काढून राह्यले का? सोडा ना लवकर!"

सील निघाले. वनरक्षक आत वाकून मोजू लागला, तोच पहिला बेडूक त्याच्या बाहीवरून उडाला आणि पाठोपाठ सगळे. चिखलात पिवळे ठिपके क्षणभर दिसले, मग पाणी हलत राहिले.

"मोजाचे राह्यले ना भाऊ! आता काय लिवू?"

"लिहा: मुद्देमाल सुस्थितीत आढळला व स्वतःहून निघून गेला."

प्राध्यापक सही करताना थांबले. जवळच एक बेडूक धुऱ्याला टेकून बसला होता. त्याचा गळा खालीवर होत होता. ते त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"पोरांना हे पाहायला इथे आणायचे, तर परवानगी लागेल?"

"कायद्याने दुरून पाहायला लागत नाही," मी म्हणालो. "बांधी ज्यांची, त्यांना विचारा."

बाईने आधीच ऐकले होते. "आना म्हणा. पन रोवण्यावर पाय द्याचा नाई, अन् हातात चाकू-कातर आनाची नाई."