सरांनी खोडलेला शब्द

घनसावंगीत आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त सर राहतात. बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या आमच्या संस्थेचा इंग्रजी अहवाल मी लिहिते आणि तपासायला त्यांच्याकडे नेते. समोर चहा निवत असतो, सरांची पेन्सिल चालूच. शिकणाऱ्या वाढल्या की मी ‘एक्स्पोनेन्शियली’ लिहायचे आणि ते दरवर्षी खोडायचे.

“ताई, नुसतं लई वाढलं म्हणून हा शब्द न्हाई वापरायचा. दर टप्प्याला तितक्याच पटीनं वाढलं पाहिजे. मंगच बराबर.”

मला रागच यायचा. देणगीदारांना कुठे एवढं कळतं?

यंदा आम्ही नियम केला, जी शिकली तिनं आणखी दोघींना शिकवायचं. शब्द मात्र मी धास्तीनं लिहिलाच नाही. सरांनी अहवाल वाचला आणि संध्याकाळी थेट आमचे वर्ग चालतात त्या शाळेच्या मैदानावर आले. एकेकीला विचारत फिरले, “तुला कोणी शिकवलं? तू कोणाला शिकवून राह्यलीस?” घरी जाऊन त्यांनी तो शब्द स्वतःच्या हातानं अहवालात घातला.

रविवारी काकू, म्हणजे सरांच्या नुकत्याच शिकलेल्या बायको, शेजारणीला स्कूटर शिकवत होत्या. तेवढ्यात सर आले. जन्मभर पायी फिरलेला माणूस, आणि डोक्यावर हेल्मेट!

“हिला दुसरी कोणी भेटून न्हाई राह्यली,” ते मला म्हणाले. “आपला शब्द खोटा पडंल ना, ताई. मीच शिकतो.”