टेलरमास्तरांची लाल गाडी

टेलरमास्तरांनी शिवलेला सदरा उलटा करून घातला असता तरी चाललं असतं. आतली शिवण बाहेरच्याइतकीच सुबक, कुठे दोरा लोंबताना दिसायचा नाही. एखादं घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, "आतलं कोण बघतंय मास्तर, द्या तसाच." मास्तर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत. "अंगाला कळतं ना!" म्हणत, आणि सदरा आणखी एक दिवस लांबणीवर पडे.

हाच न्याय त्यांच्या मोटारसायकललाही होता. घराबाहेर जिन्याखाली तिची जागा. टाकी गडद लाल, मडगार्ड आणि सायलेन्सर क्रोमचे. मास्तर तिला तळहाताच्या फोडासारखे जपत. घर ते दुकान आणि दुकान ते घर, एवढाच तिचा प्रवास. रस्ता ओला दिसला की गाडी जिन्याखाली आणि मास्तर पायी.

सुट्टीच्या सकाळी, ऊन दारात यायच्या आत, धुणं सुरू होई. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यायची. धुळीच्या टाकीवर कोरडं फडकं फिरवणारा माणूस मास्तरांच्या लेखी गाडीचा वैरीच. मग दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडकं पिळायची, म्हणजे निघालेली माती परत रंगावर जात नाही. फडकी जुन्या, मऊ झालेल्या बनियनची. तीही शिवणी कापून टाकलेली, कारण शिवणीचा जाड दोरा रंगावर रेघ ओढतो. क्रोमवर गंजाचा ठिपका दिसलाच, तर चंदेरी कागदाचा बोळा ओला करून हलक्या हाताने घासायचा. शेवटी सावलीत मेणाचा पातळ हात.

"एवढ्या मायेने माझं कपाळ कधी चेपलं नाहीत," बायको दारातून म्हणायची. "सवत परवडली असती. निदान चार भांडी तरी घासली असती तिने."

"तू कुठे गंजतेस?" मास्तर मान वर न करता म्हणायचे.

हे असंच चालायचं. पण लेकीला नोकरी लागली. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. सकाळी घरोघर जाऊन नमुने गोळा करायचे आणि लॅबमध्ये पोचवायचे. अट एकच, स्वतःची गाडी हवी. लेक मैत्रिणीच्या मोटारसायकलवर शिकली होती, लायसन्सही काढलं होतं. घरात गाडी मात्र ही एवढी एकच.

"बाबा, मी नेऊ?" तिने जेवताना विचारलं.

मास्तर पेलाभर पाणी सावकाश प्यायले. ना हो, ना नाही.

"दुकान काय परदेशात आहे?" बायको म्हणाली. "चालत गेलात म्हणून पाय झिजणार नाहीत तुमचे."

"पायांचं कोण बोलतंय," एवढंच म्हणून मास्तर उठले. पुढचे काही दिवस लेकीने तो विषय काढला नाही. लॅबवाल्यांना मात्र तिने होकार कळवून टाकला होता. बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ काय, ते तिला कळत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मास्तर दुपारपासून गाडीपाशी बसले. त्यांचं मनातून ठरलं होतं. पण 'ने, पोरी' हे दोन शब्द तोंडातून निघेनात, म्हणून हात चालले होते. टाकी झाली, क्रोम झालं. सीट फिकी वाटली, तिलाही मेण चोळलं. मग टायरला काळी चमक आणणारं तेलकट पॉलिश घेतलं. बाकीचे लोक ते टायरच्या बाजूंना लावतात. बाजू काळ्याभोर आणि जमिनीला टेकतो तो भाग मळकट? मास्तरांना ते बघवेना. चाक हळूहळू फिरवत त्यांनी सबंध टायर रंगवला. दिवेलागणीला किल्ली लेकीच्या बॅगेवर ठेवली आणि कुणाला काही न सांगता आत जाऊन बसले.

सकाळी लेक निघाली तेव्हा तिचा चेहरा गाडीहून जास्त चमकत होता. मास्तर दारात उभे होते. गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला आडवा आला. लेकीने ब्रेक दाबला. ती सीटवरून घसरून टाकीवर आदळली, मागचं चाक साबणाच्या वडीसारखं निसटलं आणि गाडी आडवी झाली.

मास्तर धावले. लेक उठून बसली होती, कोपर सोलवटलं होतं. मास्तर वाकले, आणि त्यांचा हात आधी टाकीवर गेला. लाल रंगावर वीतभर लांब पांढरा ओरखडा पडला होता. त्यांनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग मान वळवली, तर लेक बघत होती.

"लागलं का ग?" त्यांनी विचारलं. फार उशिरा विचारलं, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

"मला नाही बाबा." तिचे डोळे भरले. "गाडीलाच लागलंय. माझंच चुकलं, मला जमत नाही. लॅबमध्ये सांगते, दुसरं कोणी बघा म्हणून." तिने किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

मास्तरांनी ती घेतली नाही. गाडी उभी करायला त्यांनी चाकाला हात घातला, तर हात सर्रकन घसरला. तळवा काळा, तेलकट. त्यांनी सीटवर हात ठेवला, तोही घसरला. आयुष्यात त्यांचं कुठलं काम दुरुस्तीला परत आलं नव्हतं.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "मी टायरला पॉलिश लावलं. सगळ्या. सीटलासुद्धा मेण."

बायको मागोमाग धापा टाकत आली होती. "सगळ्या टायरला? कुणाला दाखवायला, रस्त्याला? अहो, अति तिथे माती!"

लेकीला रडता रडता हसू फुटलं. सायकलवालाही हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी लेकीचं कोपर हातात घेऊन नीट पाहिलं.

"लॅबला फोन कर. उशीर होईल म्हणावं, बापामुळे."

गाडी ढकलत घरी आणली. बायकोने कोपर धुऊन पट्टी बांधेपर्यंत मास्तर भांड्यांचा साबण आणि कपड्यांचा खरखरीत ब्रश घेऊन कामाला लागले. सीट घासली, टायर घासले, पाणी ओतलं, बोट फिरवून पाहिलं, परत घासलं. काळं पाणी उडून क्रोमवर ठिपके पडले. ते तसेच राहिले.

"अजून थोडं निसरडं लागतंय," ते म्हणाले. "समोरच्या मोकळ्या जागेत चार फेऱ्या मार. मातीतून घे, सावकाश."

"मातीतून? बाबा, सगळी धूळ बसेल गाडीवर."

"बसू दे. टायरने रस्ता धरला पाहिजे."

लेक मातीतून फिरली. प्रत्येक फेरीला तिने ब्रेक दाबून पाहिला. लाल रंग करडा होत गेला. मास्तर मागच्या चाकाकडेच बघत होते, ते आता जागच्या जागी थांबत होतं. मग ती गल्लीच्या तोंडाशी गेली, थांबली, दोन्हीकडे पाहून वळली आणि दिसेनाशी झाली.

मास्तर बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"परत किती वाजता येते म्हणाली ग?" त्यांनी बायकोला विचारलं.