गोधडीतला रिकामा चौकोन

भाच्याच्या जिभेला हाड नाही, हे घरातल्यांना ठाऊक होतं. त्या सकाळी ते सलूनवाल्यालाही कळलं. गळ्याभोवती कापड, गालावर साबण आणि समोर आरसा, अशा थाटात बसलं की त्याला बोलल्यावाचून राहवत नसे. "तुमच्या पँटचा तुकडा आमच्या आत्याच्या ट्रंकेत आहे म्हटलं," तो सलूनवाल्याला म्हणाला. "तुमचाच कशाला, अख्ख्या बाजाराचा आहे. गोधडी शिवतेय ती."

झालं! सलूनमध्ये पडलेली गोष्ट केसांसारखी झाडून टाकता येत नाही. दुपारपर्यंत बोटभर पट्टीचं वारभर कापड झालं आणि संध्याकाळी ट्रंकेचं गोदाम.

आत्याचं दुकान जिन्याखाली. एक मशीन, एक आरसा आणि उभं राहिलं की डोक्याला लागणारी पायरी. कपडे कमी-जास्त करून द्यायचं काम, म्हणून सगळे तिला 'कमीजास्त आत्या' म्हणत. लांबी जास्त करून घ्यायला मात्र सहसा कुणी येत नसे. माणूस पँट घेतो तो स्वतःला आहे त्याहून उंच समजून, आणि मग आत्याकडे येऊन जमिनीवर येतो. कापलेली पट्टी ती विचारूनच ठेवायची. "तुकडा राहू दे का माझ्याकडे?" गिऱ्हाईक आरशात स्वतःला न्याहाळत असायचं. आरशात बघणारा माणूस कशालाही हो म्हणतो.

अशी सगळ्यांची उरलेली उंची पलंगाखालच्या ट्रंकेत साचत गेली. बँडमास्तरच्या कोटाची लाल बाही, फोटोग्राफरच्या पडद्याची पिवळी कड, नर्सबाईंच्या गाउनची जांभळी फुलं. या तुकड्यांचं करायचं काय, हे आत्याला कितीतरी वर्षं सुचलं नव्हतं. मग थोरली बहीण अंथरुणाला खिळली.

दुकान खरं तर दोघींचं. थोरली टाचण्या लावायची आणि गिऱ्हाइकांची टर उडवायची, धाकटी खाली मान घालून शिवायची. आता थोरलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसे, आणि ती त्या भिंतीकडेही पाठ करून पडे. बोलणं तर जवळजवळ टाकलंच होतं तिने.

"तिला दुकानात आणता येत नाही ना? मग दुकानच तिच्या अंगावर घालू," असं म्हणून आत्याने ट्रंक ओढली होती. जाड कापड पातळ कापडाला ओढतं, म्हणून पातळ तुकड्यांना मागून जोड. मग काठापासून आत आत सरकणारा धावदोरा. मधोमध हिरव्या मखमलीचा चौकोन. ती मखमल थोरलीची लाडकी. दुकानात असताना उगाचच गालाला लावायची.

आता ही गोधडी बघायला लोक दुकानात यायला लागले. पहिला अर्थातच सलूनवाला. आपली तपकिरी पट्टी शोधून काढून म्हणाला, "एवढीच?"

"तुम्ही एवढेच कमी पडलात," आत्या म्हणाली.

बँडमास्तरांची वेगळीच तक्रार. "मला पायाशी लावलंत? जरा डोक्याकडे घ्या की."

"आजारी बाईच्या कानाशी बँड नको, मास्तर."

भाच्याला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बेकरीवालीण आली. गोधडीपाशी बसली आणि मखमलीवर हात ठेवला. मग म्हणाली, "आत्या, ही माझ्या लेकीच्या झग्याची ना? तुम्ही खालून कमी केला होता तो. झगा मी कुणाला तरी देऊन टाकला. आता लेक एवढी लांब राहते, आणि तिच्या लहानपणाची चिंधीसुद्धा नाही हो माझ्याकडे."

"पण तेव्हा तुम्हीच हो म्हणाला असाल की..." भाचा उसळला.

आत्याने चष्म्यावरून बघितलं. "तू तुझ्या वाटचं सलूनमध्ये बोलून आलायस."

तिने ब्लेड घेतलं आणि एकेक टाका उसवला. मखमलीला उलटीकडून हलकी इस्त्री फिरवली, कागदात गुंडाळून बेकरीवालिणीच्या हातात दिली. ती डोळे पुसत गेली. गोधडीच्या मधोमध मळखाऊ अस्तराचा चौकोन उरला.

"तिने तेव्हा हो म्हटलं असेलच ना?" भाचा पुटपुटला.

"आरशात बघून म्हटलं होतं. तसला हो धरून ठेवायचा नसतो."

तोंडाने केलेला घोटाळा हाताने निस्तरावा म्हणून भाच्याने अंगातल्या आकाशी शर्टाचं टोक बाहेर काढलं आणि कात्री उचलली. शर्ट आत्यानेच शिवलेला, त्याच्या पहिल्या नोकरीसाठी. तिने फटकन हातावर चापट मारली. "धडका शर्ट कापतोस? चिंधी झाली की दे."

गोधडी तशीच थोरलीच्या अंगावर घातली. ती पाठ करूनच होती. आत्या उशाशी बसून राहिली. भाच्याचा जीव टांगणीला लागला होता. मखमल नाही म्हटल्यावर ही वळते कशाला! बऱ्याच वेळाने थोरलीचा हात गोधडीवरून फिरायला लागला. लाल बाहीशी थांबला.

"मास्तरचं पोट आहे का रे तेवढंच?"

"वाढलंय," भाचा घाईघाईने म्हणाला.

थोरली वळली. आता तिचं दुकान पुन्हा सुरू झालं. नर्सबाई, फोटोग्राफर, सलूनवाला, एकेकाला बोटाने हुडकून ती टोमणे मारायला लागली. मधल्या चौकोनाशी येऊन अडली. "हे कोण?"

आत्याने भाच्याकडे बोट केलं. "हा. मखमल याने बोलून घालवली. चिंधी झाली की शर्ट देणार आहे."

थोरली खोकला येईपर्यंत हसली.

त्याला आता बरेच दिवस झाले. शर्टाचा रंग विटला, कॉलर पांढुरकी पडली, पण शिवण जागची हलत नाही. आत्याने दुहेरी शिलाई मारून ठेवलीय. परवा तर भाच्याने मुद्दाम बाही दाराच्या कडीत अडकवून हिसका दिला. कडी निघून आली. तो खोलीत शिरला की थोरली आधी त्याच्या शर्टावर खांद्यापासून कफपर्यंत नजर फिरवते, मग रिकाम्या चौकोनावर बोट आपटते.

"काय रे, अजून नाही?"

"अजून नाही, मोठी आत्या."